न सांगितलेलं चौथं बूच

सभेत उभा राहून मी म्हणालो, "आता माझ्यानं होत नाही, कोणीतरी तरुणानं हे काम हाती घ्यावं." खरं सांगतो, मला ते काम सोडायचं नव्हतं. लोकांनी निदान दोनदा तरी 'नाही नाही, तुम्हीच राहा' म्हणावं आणि मग मी गुडघे चोळत, उपकार केल्यासारखं 'बरं' म्हणावं, असा माझा बेत होता. कोणीच तसं म्हणालं नाही. एक जण म्हणाला, "बराबर आहे, तुमचं वयही झालं." आणि चहा आला.

काम होतं पाणकराचं. आमच्या साकोलीच्या बाजूला गाव तिथं तलाव. पाऊस नीट पडला तर धान पावसावरच निघतं, पण लोंबी बाहेर पडायच्या पंधरा दिवसांत आभाळ हमखास पाठ फिरवतं. तेव्हा तलावाचं एक पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाहीतर नुसतं पोचट. ते पाणी कोणाला, किती वेळ, कोणामागून कोणाला, हे पाणकर ठरवतो. त्याला पगार नाही. कापणी झाली की घरटी एक भारा धान त्याच्या अंगणात येऊन पडतं, तोच त्याचा हक्क. आणि एक रीत आहे. पाणी शेवटच्या टोकाच्या बांधीपासून, म्हणजे धानाच्या खाचरापासून, सुरू करून वर तलावाकडे आणायचं, आणि पाणकराची स्वतःची बांधी, ती कुठंही असो, सगळ्यांच्या मागून. गाव भिजल्याशिवाय पाणकराचं धान भिजत नाही. म्हणून तर या कामाला कोणी पुढं येत नाही. मी बावीस वर्षं केलं. बावीस वर्षं माझी बांधी सगळ्यात शेवटी भिजली, आणि त्याचा मला केवढा ताठा होता ते माझ्या बायकोला विचारा.

चहाचे कप फिरत असताना बायांच्या बाजूनं आवाज आला, "मी करीन."

ती गावाची सून. नवरा नागपुरात कुठल्याशा कंपनीत, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारा. दीड एकर धान, शाळेतली मुलगी आणि म्हातारी सासू, सगळं ती एकटी सांभाळायची. काही लोक हसले. एक म्हणाला, "बाईमाणूस पाणी वाटन काय?"

"रोवणा बाईमाणसानंच केला ना?" ती म्हणाली. "मंग पाणी द्याले काय होते?"

काम अंगावर घ्यायची हौस दुसऱ्या कोणाला नव्हती. तिनंच वर सांगून टाकलं, "एक साल पाहा. नाही जमलं तं मीच सोडून देईन." घरटी एक भारा म्हणजे तिच्या घरची वर्षाची खाण्याची सोय होती. एवढ्या भरवशावर ती उभी राहिली होती. सभेनं मान हलवली. मीसुद्धा हलवली. टाळ्या पडल्या त्यात माझ्याही होत्या.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर आली, मुलीच्या शाळेची अर्धी कोरी वही घेऊन. पाणकराकडे असतो तो गावाचा पावडा मी तिच्या हाती दिला. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते आणि सासऱ्याच्या वयाच्या कोणालाही तेच. "मामाजी, पहिल्यापासून सांगा," म्हणाली आणि खाली बसली.

मी सांगायला लागलो. कोणाच्या बांधीला किती वेळ पाणी, पाट कुठं फुटतो, कोणता भाऊ कोणत्या भावाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, रात्रीतून फोडतो. ती एकेक लिहून घेत होती. मला त्याचाच राग यायला लागला. जे शिकायला माझी बावीस वर्षं गेली, पाय चिखलात कुजले, ते ही बाई चौरेघी वहीत दोन तासांत भरून घेणार. वर मध्येच थांबवून विचारायची, "हे काहून असं?" कारण विचारलेलं मला कधीच आवडत नाही, कारण अर्ध्या गोष्टींचं कारण मलाही ठाऊक नसतं.

मग तुडुमापाशी आलो. तुडूम म्हणजे पाळीला लागून पाण्यात उभा केलेला दगडी मनोरा, ज्यातून तलावाचं पाणी पाटात जातं. आमच्या तुडुमाला वरून खाली चार भोकं आहेत आणि प्रत्येकात लाकडाचं बूच. बुचाला लांब बांबू बांधलेला, तो ओढला की बूच निघतं. पाणी उतरेल तसं वरून एकेक बूच काढत जायचं. पहिलं, दुसरं, तिसरं मी तिला काढून, परत बसवून दाखवलं.

"अन् चौथं?"

"तेही तसंच," मी म्हणालो.

ते तसं नाही. चौथं बूच तळाला आहे, आणि तळाला वर्षानुवर्षांचा गाळ, काटक्या, कुजलेली कमळाची मुळं. ते सरळ ओढलं की पाण्याच्या जोरानं सगळा कचरा भोकात घुसतो आणि मग बूच म्हणून बसत नाही. ते काढण्याआधी भोकाच्या तोंडाशी बांबूचा टोपला तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून लावायचा, बूच अर्धंच उचलायचं, आणि परत बसवताना त्याला बारदाना गुंडाळायचा. एवढंच. दोन मिनिटांचं सांगणं. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या पाणकरानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी विचारायच्याही आधी. "पाणी गावाचं आहे," म्हणाला होता, "तुह्या बापाचं नाही, माह्याही बापाचं नाही. म्हणून सांगून ठेवतो."

वही मिटताना तिनं पुन्हा विचारलं, "मामाजी, अजून काही ध्यानात ठेवाचं आहे काय?"

शब्द जिभेवर होता. मी म्हणालो, "बस, इतकंच. बाकी पाणी शिकवते माणसाले."

काहून नाही सांगितलं? तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे आणि ते खरंही असेल. पण एवढं मात्र मनात होतं, की अडली म्हणजे येईल. माझ्या दारात येईल, 'मामाजी, चला जरा' म्हणेल, गाव बघेल. सभेत ज्या दोन वेळा मला कोणी थांबवलं नाही, त्यातली निदान एक वेळ मला वसूल करायची होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही पुरता जळला नव्हता.

नवरात्र बसलं आणि पाऊस गेला, जसा दरसाल जातो. तिनं पाणी सुरू केलं. शेवटच्या टोकापासून, बरोबर. पहाटे पाळीवर हजर, साडीचा काचा मारलेला, कमरेला वही. ज्याचा वेळ संपला त्याच्या बांधीचं तोंड पावडाभर मातीनं बंद. मग तो माजी सरपंच असो की तिचा चुलत सासरा. माझ्या काळात मी थोडं इकडे-तिकडे करायचो, लग्नकार्यात जेवलेल्या घरी अर्धा तास जास्त द्यायचो. ती देत नव्हती. चावडीवर लोक म्हणायला लागले, "बाई कडक आहे." मला ते ऐकवत नव्हतं. मी विडी विझवून उठायचो.

तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली. माझी बांधी पाटाच्या मध्यावर आहे. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या धानाला रांगेत पाणी मिळालं, इतर माणसांसारखं. ती स्वतः येऊन तोंड फोडून गेली. "मामाजी, पोटभर घ्या," म्हणाली. "गावाचं पाणी देता देता तुमची बांधी लय उपाशी राह्यली."

आता राहिली होती तलावालगतची, वरची आठ घरं आणि सगळ्यात शेवटी ती. तिची बांधी पाळीच्या अगदी पायथ्याशी.

पाचव्या दिवशी सकाळी मी सायकल हातात धरून पाळीवरच्या रस्त्यानं येत होतो. गुडघ्यामुळे चढावर बसवत नाही. पाळीवरून पाहिलं तर पाणी तिसऱ्या भोकाच्या खाली गेलेलं आणि ती चौथ्या बांबूला हात घालून उभी. जवळ टोपला नाही. तणीस नाही. मी पन्नास पावलांवर होतो. हाक मारली असती तरी पुरलं असतं. तिनं मला पाहिलंही. मान हलवून नमस्कार केला. मीही मान हलवली आणि सायकल ढकलत घरी आलो.

घरी येऊन जेवायला बसलो. दुसऱ्या घासाला बायकोनं विचारलं, "आज खालचं बूच काढून राह्यली म्हणते. टोपल्याचं सांगतलं ना तुमी तिले?"

"हो," मी म्हणालो.

बायको माझ्याकडे पाहत राहिली. बावीस वर्षं ते टोपले तिनंच तणीस भरून दिले होते. भाजी वाढली आणि आत गेली. मी जेवलो. पोटभर जेवलो, हेही सांगतो.

दुपारी बोंब झाली. पाणी असं सुटलं होतं की पाटात मावेना. वळणावर पाट फुटला आणि सगळं पाणी नाल्याला लागलं. ती बूच बसवायला गेली तर बसेना. दोन पोरं पाण्यात उतरली, त्यांचंही चालेना. मी गेलो तेव्हा पाळीवर अर्धं गाव जमलं होतं, आणि ती छातीभर पाण्यात उभी राहून हातानं गाळ उपसत होती. मी वरून ओरडलो, "बारदाना आणा, बारदाना! तणीस आणा!" जणू आत्ताच सुचलं. पण आता भोकात लाकूडच अडकलं होतं, बारदाना काय करणार? शेवटी वाळूच्या पोत्यांनी भोक बुजवलं तोवर दुसरा दिवस उजाडला होता आणि तलावात म्हशी बसण्यापुरता चिखल राहिला होता.

पाळीवर माझ्या मागं कोणीतरी म्हणालं, "बुढा असता तं असं झालं नसतं."

मला ते गोड लागलं. सांगायला लाज वाटते, पण गोड लागलं, त्याला काय करू? ती बाई चिखलानं माखून काठावर बसली होती, वरच्या आठ घरांचं धान उभ्यानं वाळणार होतं, आणि मी मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत घरी आलो.

दोन दिवसांनी सभा बसली. तिचं लुगडं धुतलेलं होतं पण नखांत गाळ तसाच. ज्यांची बांधी सुकली ते चढून बोलत होते. "आम्ही म्हणलंच होतं," "वहीनं पाणी वाटते काय," असं सगळं. एकानं सरळ विचारलं, "चौथं बूच असं काढत नाही, हे लहान पोराले समजते. तुले कोणी सांगतलं नव्हतं काय?"

चोराच्या मनात चांदणं. आता ती माझं नाव घेणार, आणि मी काय बोलायचं तेही मी ठरवून आलो होतो. मी म्हणणार होतो, 'सांगितलं होतं, वही काढून पाहा, लिहिलं नसेल तर मी काय करू?' असा मी. बावीस वर्षं पाणी वाटलेला.

ती उठली. माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग सभेला म्हणाली, "मामाजीनं सांगतलं होतं. मीच इसरली. चूक माही आहे. म्या म्हणलं होतं, जमलं नाही तं सोडून देईन. घ्या तुमचा पावडा."

पावडा तिनं सभेच्या मधोमध ठेवला. सगळे माझ्याकडे वळले. "तुमीच घ्या बापा परत," म्हणाले. दोनदा म्हणाले. मला हवं होतं तेवढंच, दोनदा.

आता तरी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं: मी सांगितलं नव्हतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. त्याऐवजी काय निघालं ते ऐका. मी उठून म्हणालो, "राहू द्या. चूक होते माणसाकडून. नवीन आहे, शिकन. तिच्याकडेच ठेवा पावडा." मी तिला माफ केलं! सभेत उभं राहून, माझ्या चुकीसाठी, मी तिला माफ केलं. आणि लोक म्हणाले, "बुढ्याचं मन मोठं आहे."

घरी आलो तर बायको दारातच बसली होती. सभेतलं तिला कळलेलं होतं. "मन मोठं आहे म्हणे," एवढंच म्हणाली आणि सुपात तांदूळ पाखडत राहिली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली, आणि मला तिला विचारायची हिंमत झाली नाही.

कापणी आली. माझं धान त्या साली असं भरलं होतं की लोंबी वाकून धुऱ्याला लागत होती. व्यापाऱ्यानं ओंजळीत घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "काका, या साली काय केलं?" मी काय सांगणार? काहीच न करून पिकवलं होतं. तिच्या बांधीत उभं धान होतं, हात फिरवला की खुळखुळ वाजायचं, आत दाणा नाही. तिनं ते जनावरांसाठी कापलं. वरच्या घरांनी तिला भारा दिलाच नाही, आणि ते तरी कुठून देणार होते? बाकीच्यांतही काहींनी दिला, काहींनी नाही.

मी बैलगाडीत पाच भारे घातले आणि तिच्या अंगणात नेले. सासू खाटेवर होती. सून गोठ्यातून हात पुसत आली. गाडीकडे पाहिलं. एक भारा उतरवून घेतला आणि म्हणाली, "हा हक्काचा. बाकीचे वापस न्या."

"राहू दे सूनबाई, घरात..."

"मामाजी, हक्काचा एकच असते."

मी बैलाच्या दाव्याशी चाळा करत उभा राहिलो. जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता. शेवटी म्हणालो, "तू सभेत तसं काहून म्हणलं? मी तं सांगतलं नव्हतं तुले."

हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं ते तिथं, गोठ्यापाशी, ऐकायला एक बहिरी म्हातारी आणि दोन बैल.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "वहीत पाह्यलं ना म्या. रात्रभर पाह्यलं." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मी तुमचं नाव घेतलं असतं तं कोणी मानलं असतं काय? म्हणले असते, आपलं खापर म्हाताऱ्यावर फोडून राह्यली. अन् मानलं असतं, तरी मले काय भेटलं असतं? तुमी घरी बसले असते तोंड लपवून. मंग उरलेलं मले कोणी सांगतलं असतं?"

ती आत गेली आणि तीच वही घेऊन आली. पाण्यात भिजून पानं फुगली होती, अक्षर पसरलं होतं. जोत्यावर बसली, कोरं पान काढलं.

"सांगा आता," म्हणाली. "अजून काय काय नाही सांगतलं?"

मी बैल सोडले आणि तिच्या समोर जमिनीवर बसलो. सांगत गेलो. टोपला, तणीस, बारदाना. सांडव्याच्या खालची घूस लागलेली जागा. पाळीच्या कोणत्या भागाला मार्गशीर्षात तडा जातो आणि तो कशानं बुजवायचा. तुडुमाच्या मागचा ढिला दगड. अशा गोष्टी निघत गेल्या, एकामागून एक, आणि मलाच कळेना की मी एवढं सगळं दाबून ठेवलं होतं. एक चौथं बूच नव्हतं ते. दुपारी बसलो होतो, ढोरं घरी आली तेव्हा संपलं.

"झालं," मी म्हणालो.

तिनं पेन खाली ठेवलं नाही. "नक्की?"

मला राग यायला हवा होता. माझा स्वभाव तसा आहे. बावीस वर्षं मी 'पाणी आलं' म्हटलं की लोक न पाहता पावडे उचलून निघायचे. माझ्या शब्दाला कोणी 'नक्की' विचारलं नव्हतं. मी थोडा वेळ विचार केला. खरंच विचार केला. मग पाटाच्या तिसऱ्या वळणावरच्या मोरीचं आठवलं, तेही सांगितलं.

यंदा तिनं चौथं बूच काढलं. टोपला माझ्या बायकोनं भरून दिला, मला न विचारता, स्वतः नेऊन. बूच अर्धं उचललं, बसलंही. वरची आठही घरं भिजली आणि सगळ्यांच्या मागून तिची बांधी. मी पाळीवर बसून पाहत होतो. गावाला अजून खरं माहीत नाही. कोणी कोणी मला पाहून म्हणतं, "बुढ्यानं बाईले चांगलं तयार केलं," आणि मी 'नाही' म्हणत नाही.

ती मात्र विचारते. दर वेळी. परवा बाजाराच्या वाटेवर भेटली, मी सहज म्हणालो, उद्या आभाळ मोकळं राहील, उडीद वाळायला घाल. लहान लेकराला सांगावं तसली ती गोष्ट. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि साध्या आवाजात विचारलं, "नक्की ना, मामाजी?"

मी वर आभाळाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि म्हणालो, "नक्की."